घाईवाला आणि सबुरीवाला

गोरेगावचे धानाचे व्यापारी नत्थूजी पाहुण्याला चहाच्या आधी विचारायचे, "घाईवाला लावू का सबुरीवाला?"

दरेकशाच्या जंगलाचा गोरा साहेब विलायतेला परतताना त्यांना ग्रामोफोन आणि तबकड्यांचे दोन संच देऊन गेला होता. दोन्हींत रचना एकच, एक पियानो आणि भोवती भलामोठा वाद्यवृंद. पियानो वाजवणारे मात्र वेगळे. दर चार मिनिटांनी तबकडी उलटायची, चावी द्यायची, की नत्थूजी सुरू. "हा पाहा, कसा धावून राहिला, गाडी सुटून राहिली जशी. आन् हा दुसरा? बाकीचे वाजवून थकले, तरी हा आपला इचार करून राहिला."

बाजाराच्या दिवशी तर धान घेऊन आलेल्यालाही निवाडा द्यावा लागे. एक शेतकरी म्हणाला, "मले तं दोनी सारखेच वाटते, शेटजी." त्याचं धान मोजायला त्या दिवशी संध्याकाळ झाली.

मी शाळामास्तर, शेजारी राहणारा. आधी हसायचो. मग एकदा त्या सबुरीवाल्यानं दोन सुरांच्या मध्ये इतकी शांतता ठेवली की माझा चहा हातातच निवला. त्यानंतर मी हसलो नाही.

नत्थूजींची धाकटी बहीण सरू नवरा वारल्यावर माहेरी आली होती. आतल्या खोलीतच असायची. एका दुपारी गावाहून त्यांचे काकाजी आले आणि दारातूनच बोलले, "घरात विधवा पोरगी, आन् हे बाजे कायले?"

नत्थूजींनी चालू तबकडी संपू दिली. मग आतल्या दाराकडे तोंड करून विचारलं, "सरू, कोणता?"

आतून आवाज आला, "सबुरीवालाच. पण दादा, सुई झिजली, बदलवा."

"तिले काय समजते यातलं?" काकाजी म्हणाले.

"मले तरी कुठं समजते, काकाजी? आली तवापासून कोनासंगं बोलत नव्हती. जेवली का म्हटलं, तरी जबाब नाही. या बाजाचं इचारलं, तं बोलली. मंग मी रोज इचारतो." मग त्यांनी ग्रामोफोनजवळ चटई टाकली. "सरू, बाहेर ये. तिथून बरोबर आयकू येत नाही."

ती आली. डोक्यावरचा पदर सावरत तिनं स्वतः सुई बदलली आणि घाईवाल्याची तबकडी लावली. "यालेबी एकदा नवीन सुईनं आयकू," ती म्हणाली.

काकाजींनी निघायला काठी उचलली होती. तेवढ्यात पियानो सुरू झाला. तबकडी संपेपर्यंत ते उंबरठ्यावर उभेच राहिले.