सात राजे आणि एक नदी

सुरवसे सरांच्या नाटकात राजे सात असतात. राज्य एकच. सेलूच्या आमच्या शाळेत सर चित्रकला शिकवतात आणि दर स्नेहसंमेलनाला नाटक बसवतात. "एकालाच मुकुट दिला तर बाकीच्यांनी काय पाप केलं?" हा त्यांचा सवाल. त्यामुळे वर्गातलं प्रत्येक पोरगं बोलतं. मागच्या वर्षी विहीरसुद्धा बोलली, आणि राजांपेक्षा जास्त बोलली.

मी इंग्रजी शिकवते. स्टाफरूममध्ये खिडकीपाशी गप्प बसते. सर येता-जाता म्हणतात, "मॅडम, लय गोंगाट करायलात तुमी आज."

यंदा रुखसारला नदी व्हायचं होतं. ती बोलताना अडकते. शब्द ओठांवर येऊन तिथंच राहतो. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सर, पाहुणे येणार आहेत. लोक हसले तर पोर पुन्हा तोंड उघडायची नाही. तिला मुकी नदी करा."

"मुकी नदी म्हंजे नालीच झाली की ओ मॅडम!"

मग सरांनी त्या राज्यात एक रिवाज आणला. नदी थांबली, की राजांनी काठावर बसायचं आणि पाण्यात पाय सोडायचे. घाई करील तो राजा नाही.

नाटकाच्या दिवशी मंचावर निळं कापड हळूहळू हलत होतं. बाहेर ऊन उतरलं होतं. रुखसार म्हणाली, "मी सगळ्यांना..." आणि थांबली. पुढच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. तेवढ्यात सातही राजे खाली बसले, पाय सोडून, मुकुट सावरत. एकाने तर डोळे मिटून घेतले. मंडपभर शांतता पसरली, कापूस निवांत उडावा तशी.

"...प-पाणी देते," नदी म्हणाली.

टाळ्या किती वेळ चालल्या ते आठवत नाही. रुखसारची अम्मी तिला कवटाळून घेऊन गेली. बाकीची पोरंही आपापल्या घरी निघाली, सगळं पहिल्यापासून सांगत सांगत.

मंडपात सर एकटेच उरले. एकाच कापडाची घडी ते पुन्हा पुन्हा घालत होते.

"सर, घरी नाही जायचं?"

"जायचं की." ते थोडं थांबले. "नाटक झालं की घरी जाऊन हिला सगळं सांगत होतो. ही गेली तवापासून... आता भिंतीला काय सांगावं?"

मी एक खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसले.

"सांगा ना सर," मी म्हटलं, "काय काय झालं आज?"