बाराव्या धड्याचे विद्यार्थी

रविवारी सकाळी सात वाजता संगणकरावांनी आपल्या वेबसाइटच्या बाराव्या धड्यावरून मिरचीच्या रोपाचं थेट चित्र काढून टाकलं. दहाच्या सुमारास गल्लीतले चार सभ्य गृहस्थ डोक्याला टॉवेल गुंडाळून त्यांच्या दारात उभे होते.

सात वाजता मात्र संगणकराव भलतेच खुशीत होते.

संगणकराव हे अर्थातच गल्लीनं ठेवलेलं नाव. दिवसा ते कागद गिरणीत यंत्रांची देखभाल करत आणि घरी आले की वेबसाइटची. जुना कीबोर्ड कसा धुवावा, नुसत्या शून्य आणि एकवर संगणक कसा मोजतो, मेलेला संगणक जिवंत कसा करावा, असे धडे ते वर्षानुवर्षं लिहीत आले होते. पहिल्या अकरा धड्यांना वाचक होते, नाही असं नाही. पण त्यातले निम्मे खुद्द संगणकराव, शुद्धलेखन तपासायला आलेले. बारावा धडा लिहिला आणि चमत्कार झाला! 'टाकाऊ कॅमेऱ्यातून कुंडीवर नजर' हा तो धडा. खिडकीत मिरचीचं रोप, रोपासमोर जुना कॅमेरा आणि दर काही सेकंदांनी बदलणारं ताजं चित्र. त्या एका पानावर लोक असे तुटून पडले, की संगणकरावांना आकडे बघून रात्री झोप येईना.

"अगं, लोक बाराव्या धड्यावर सरासरी नऊ सेकंद थांबतात!" त्यांनी बायकोला सांगितलं होतं.

"नऊ सेकंदांत काय वाचून होतं?"

"तेच तर! नऊ सेकंदांत डोक्यात शिरतं, इतकं सोपं लिहिलंय मी. आणि पाच मिनिटांनी तीच माणसं परत त्याच पानावर येतात. का सांग?"

"का?"

"उजळणी!"

बायकोनं विणकामावरची नजर उचलून त्यांच्याकडे पाहिलं आणि ती काही बोलली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या न बोलण्याचेही प्रकार ठरलेले होते. हा प्रकार कोणता, ते संगणकरावांच्या ध्यानात आलं नाही.

याच आकड्यांच्या जोरावर ते आदल्या दिवशी ग्रंथपालबाईंकडे गेले होते. वाचनालयाचा वरचा हॉल रविवारी सकाळी संगणकाच्या मोफत वर्गासाठी मिळावा, ही त्यांची कित्येक वर्षांची इच्छा. आजवर ते पडद्याकडे बघून शिकवत आले होते. समोर बसलेल्या जिवंत माणसानं एकदा तरी "असं होय!" म्हणावं, एवढीच त्यांची भूक होती.

"रविवारची सकाळ विणकाम मंडळानंही मागितलीय," ग्रंथपालबाई म्हणाल्या. मंडळाची चिटणीस म्हणजे संगणकरावांची बायकोच! "तेव्हा असं करू. उद्या नाही, पुढच्या रविवारी तुम्ही वीस माणसं आणा. आली तर हॉल वर्षभर तुमचा. पुढेही वीसच्या खाली घसरलात, तर लोकर आत!"

"वीस?" संगणकराव हसले. "बाई, जास्तीच्या खुर्च्या काढून ठेवा!"

आता बाई वेबसाइट उघडून बघणार, हे ओघानं आलंच. बघणार म्हणजे बारावा धडाही बघणार. आणि मिरचीचं रोप तर कधीच वाळून गेलं होतं. कुंडीला पाणी घालायची आठवण करून देणारा कार्यक्रम तेराव्या धड्यात यायचा होता आणि तेरावा धडा अजून लिहायचा होता. म्हणून त्या रविवारी सकाळी त्यांनी चित्र काढलं, मजकूर ठेवला आणि चहा घेतला.

चहा संपायच्या आत फोन वाजला. शंका विचारता याव्यात म्हणून त्यांनी नंबर वेबसाइटवर दिला होता. शंका आजवर आली नव्हती.

"काका, बारावा धडा गेला हो!" आवाज औषधांच्या दुकानवाल्याचा होता.

"गेला नाही. फक्त चित्र काढलंय. मजकूर तसाच आहे."

"मजकुराचं काय करू?"

"वाचा!"

"वाचून कळणार आहे का, कोण उभं आहे ते?"

"कोण म्हणजे? रोप! आणि ते उभं नाही, जरासं कललंय."

"काका, मी दारापर्यंत पोचलोय. आत जाऊ की नको, एवढंच सांगा."

"अवश्य जा! विषयाच्या आत गेल्याशिवाय..."

फोन बंद झाला होता. औषधवाला आत गेला होता.

दहाच्या सुमारास दारावरची घंटा वाजली. औषधवाला, शाळेचे मुख्याध्यापक, घड्याळं दुरुस्त करणारा आणि लग्न ठरलेला एक तरुण शिंपी. चौघांच्या डोक्याला टॉवेल.

"'अवश्य जा' म्हणालात ना? हे बघा!" औषधवाल्यानं टॉवेल सोडला. डाव्या बाजूला दाट केस, उजव्या बाजूला चकचकीत चामडी आणि मधोमध दोघांचा हद्दीवरून तंटा!

पण संगणकरावांना समोर डोकं दिसतच नव्हतं. त्यांना दिसत होता विद्यार्थी.

"तुम्ही बारावा धडा वाचता?"

"रोज बघतो! दुकान उघडायच्या आधी पाच-सहा वेळा!"

संगणकराव एक पाऊल पुढे सरसावले. "मग सांगा, कॅमेऱ्याची वायर कुठे जोडायची?"

"कसली वायर?"

"मुख्याध्यापक, तुम्ही सांगा!"

मुख्याध्यापकांनी टॉवेल आणखी घट्ट धरला आणि प्रश्न न कळलेल्या मुलासारखं छताकडे बघितलं.

"अहो," आतून बायको म्हणाली, "जरा इकडे या. खाली वाका. आणखी. कुंडीच्या उंचीला या."

संगणकराव गुडघ्यांवर बसले आणि कॅमेरा जिथून बघायचा, तिथून त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. वाळक्या काड्यांच्या पलीकडे अरुंद गल्ली, गल्लीपलीकडे सलूनची मोठी काच आणि काचेच्या बरोबर मधोमध सलूनची खुर्ची.

खुर्ची एकच. तिच्यामागे कधी मालक उभे राहत, ज्यांना सगळी गल्ली थोरले म्हणे, तर कधी थोरल्यांचे जावईबापू. थोरल्यांचा हात म्हणजे लोणी! जावईबापूंची पद्धत निराळी. ते एक बाजू कापत, मग दुसरी तिच्याशी जुळवत, मग पहिली दुसरीशी जुळवत. जुळवता जुळवता दोन्ही संपत. बरं, आत पाऊल टाकून जावईबापूंना बघून परत फिरायची सोय नव्हती. तो थोरल्यांच्या लेकीचा अपमान! त्यामुळे आत जाण्याआधी खुर्चीमागे कोण आहे ते कळणं गरजेचं होतं. बाराव्या धड्यानं ती सोय केली होती. नऊ सेकंदांत.

"म्हणजे माझं रोप...?" संगणकराव गुडघ्यांवरूनच म्हणाले.

"ते सुकलेलं काहीतरी मध्ये येतं ते होय?" शिंपी म्हणाला. "चित्र परत लावाल तेव्हा ते जरा बाजूला सरकवा ना, काका. आरसा दिसत नाही."

संगणकरावांनी बायकोकडे बघितलं. "तुला ठाऊक होतं?"

"अख्ख्या मंडळाला ठाऊक आहे. नवरा केस कापायला जातो म्हणून सांगतो, तो खरंच जातो का, ते आम्हीही बघतो."

"मग बोलली का नाहीस?"

"'उजळणी' म्हणालात तेव्हा चेहरा काय फुलला होता तुमचा! म्हटलं, राहू दे."

संगणकराव उठले, गुडघे झटकले. माणूस दुखावला होता, पण वीसचा आकडा विसरला नव्हता.

"चित्र परत लावतो. एका अटीवर. पुढच्या रविवारी दहा वाजता सगळ्यांनी वर्गाला यायचं. तुम्ही चौघं आणि बाकीचे नऊ सेकंदवालेही!"

"आलोच समजा!" चौघे एका सुरात म्हणाले.

संध्याकाळी पुन्हा घंटा वाजली. दारात साक्षात जावईबापू!

"काका, आज कमालच झाली. एका सकाळी चार गिऱ्हाईकं! आणि चौघंही खुर्चीत बसून एकच बोलत होते. बारावा धडा गेला, बारावा धडा गेला. म्हटलं, एवढं आहे तरी काय? मग मी पहिल्या धड्यापासून वाचायलाच बसलो. तिसऱ्यात अडलोय."

"तिसऱ्यात?" संगणकरावांचा आवाज चिरकला. तिसऱ्या धड्यापर्यंत आलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

"संगणक मोजतो, तर त्याच्याकडे दोन हा आकडाच का नसतो?"

संगणकरावांनी त्याला दिव्याच्या बटणाजवळ नेलं. "हे बंद. हे चालू. तिसरं काही जमतं का याला?"

जावईबापूंनी बटण खाली-वर केलं. पुन्हा केलं. "असं होय!"

संगणकरावांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"मी रविवारी वर्गाला येऊ का, काका?"

"येऊ का काय? पहिल्या रांगेत बस! सकाळभर बस!"

आत विणकामाच्या सुया थांबल्या. बायको पुन्हा त्याच प्रकारे काही बोलली नाही.

रविवारी दहाला संगणकराव इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमध्ये उभे. दारात ग्रंथपालबाई, जिन्यात लोकरीच्या पिशव्या घेऊन विणकाम मंडळ, पहिल्या रांगेत वही-पेन्सिल घेऊन जावईबापू. त्यांच्यामागे रिकाम्या खुर्च्या, आणि जास्तीच्या म्हणून काढलेल्या त्याही रिकाम्या.

"सुरू करा," बाई म्हणाल्या. "की मोजू?"

"येताहेत, येताहेत," म्हणत संगणकरावांनी वेळ काढायला प्रोजेक्टरनं भिंतीवर बारावा धडा लावला.

भिंतीवर सगळी गल्ली अवतरली. सलूनमध्ये, बाकावर, पायरीवर, पायरीखाली, जिथे नजर जाईल तिथे त्यांचे विद्यार्थी! आणि मध्ये कात्री चालवत थोरले. जावई सकाळभर वर्गात, म्हणजे थोरले सकाळभर खुर्चीमागे. अशी पर्वणी कोण सोडतो?

जावईबापूंनी पेन्सिल खाली ठेवली.

"काका, मी इथं आहे म्हणून ही मंडळी तिथं आहेत."

"तसं नाही रे..."

"तसंच आहे. आणि हे रोज बघतात?"

"नऊ सेकंद," संगणकराव पुटपुटले. जमीन दुभंगली असती तर ते इस्त्रीच्या शर्टासकट आत गेले असते.

जावईबापूंचे खांदे हलायला लागले. संगणकरावांना वाटलं, पोरगा रडतोय. तो हसत होता! इतका, की ग्रंथपालबाईंचं बोट सवयीनं ओठांवर गेलं. "तरीच! मी कात्री धरली की गल्ली ओस पडायची. मी बायकोला म्हणायचो, तुझ्या माहेरात मला काही बरकत नाही! आणि हे सगळे चित्र बघून येत होते!" त्यानं वही मिटली. "तुम्हाला वीस हवेत ना? थांबा इथंच."

"अरे, पण खरा विद्यार्थी तूच एकटा—"

"मला सोमवारी शिकवा. सोमवारी दुकान बंद असतं." आणि तो जिना उतरून गेला.

हॉलमध्ये सगळे भिंतीकडे बघत राहिले. चित्र बदललं: जावईबापू दारात. बदललं: थोरल्यांच्या हातातली कात्री जावईबापूंच्या हातात. बदललं: बाकावरचे सगळे उभे. बदललं: बाक रिकामा, पायरी रिकामी, पायरीवर कुणाची तरी एक चप्पल.

आणि जिन्यावर पावलांचा धबधबा!

"थोरल्यांना सांगितलं, आमचा वर्ग आहे," औषधवाला धापा टाकत खुर्चीत कोसळला. "खूश झाले! म्हणाले, शिका रे बाबांनो, हजामत काय, होईल मागाहून!"

ग्रंथपालबाईंनी बोट फिरवून मोजलं. बावीस. मंडळातल्या दोघींना आपापले नवरे सापडले, तोही फायदाच झाला. हॉल संगणकरावांना मिळाला.

त्यानंतर वर्ग जोरात चालला. रविवारी दहाच्या ठोक्याला जावईबापू कात्री हातात घेत आणि गल्ली वह्या घेऊन वर्गात येई. आली तशी शिकलीही! मुख्याध्यापक आता आपलं वय शून्य आणि एकमध्ये सांगतात. ते ऐकायला फार वाटतं, पण त्यांची तक्रार नाही.

सोमवारी जावईबापू घरी येत. एका सोमवारी त्यांनी विचारलं, "काका, जगात सगळं फुकट शिकता येतं म्हणता. मग केस कापायचे धडे असतील का हो कुठे?"

शिकणाऱ्यानं प्रश्न विचारला की संगणकरावांना दुसरं काही सुचत नसे. त्यांनी आठवडाभर शोधाशोध केली, चांगले धडे निवडले, सोप्यापासून अवघडापर्यंत लावले आणि वेबसाइटवर नवं पान टाकलं. दोन्ही बाजू सारख्या कशा ठेवाव्यात, यावर तर वेगळा विभाग!

"अहो, काय करताय ते कळतंय का?" बायकोनं विचारलं.

"ज्ञान वाटतोय!"

"वाटा," ती म्हणाली आणि नव्या लोकरीचा गुंडा सोडायला घेतला.

गेल्या रविवारी वर्ग भरला तेव्हा भिंतीवर नेहमीप्रमाणे सलून होतं. जावईबापूंच्या खुर्चीत कुणी परगावचा पाहुणा बसला होता. चित्र बदललं: जावईबापूंनी त्याच्या मानेमागे छोटा आरसा धरलेला. बदललं: पाहुणा हसतोय! दोन्ही बाजू सारख्या!

औषधवाल्यानं कानांवर आलेले केस चाचपले आणि हळूच उठला. "काका, मला जरा दुकानात काम होतं." पाठोपाठ शिंप्याला काम आठवलं, मग घड्याळवाल्याला.

हे लिहीपर्यंत हाती आलेल्या माहितीनुसार, वर्गात एकोणीस जण उरले आहेत. ग्रंथपालबाई अजून वर आलेल्या नाहीत. जिन्यात मात्र लोकरीच्या पिशव्यांची चाहूल लागली आहे. संगणकराव फळ्यापाशी उभे आहेत. त्यांच्या एका हातात खडू आहे आणि दुसऱ्या हातानं ते भिंतीवरच्या चित्राकडे बघत आपल्या कॉलरवर रुळणारे केस मोजताहेत.