दातार मुद्दाम हरतात

आमच्या शेजारच्या दातारांच्या डायनिंग टेबलावर गेल्या कित्येक वर्षांत कोणी जेवलेलं नाही. तिथे लढाई चालू आहे. थर्माकोलच्या टेकड्या, डिंकाची चकाकणारी नदी, एक पडका बुरूज आणि त्याभोवती अंगठ्याएवढे सैनिक. दाढीवाले बुटके आहेत, हाडांचे सापळे आहेत, आणि एक ड्रॅगन आहे, ज्याच्या पंखावर शुभदावहिनी एकदा चुकून कोशिंबिरीचं भांडं ठेवून बसलेल्या. तेव्हापासून नवराबायको सोफ्यावर ताट मांडीवर घेऊन जेवतात. पाहुण्यालाही तेच.

मी एकदा म्हटलं, "अहो दातार, ते सैन्य जरा सरकवा की. आमटी सांडतेय माझ्या पँटवर."

"सरकवता कसं येईल? बुटक्यांची चाल व्हायचीय अजून."

"कधी होणार?"

"विचार चालू आहे," दातार म्हणाले आणि मला भात वाढला.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही (मलाही नव्हता, आणि मी सुखात होतो) त्यांच्यासाठी सांगतो. हा खेळ आहे. टेबलाच्या दोन बाजूंना दोन माणसं आपापलं सैन्य मांडून बसतात. कोण किती इंच चालणार ते टेपने मोजायचं, कोण मरणार ते फाशांवर ठरवायचं, आणि वाद झाला की एक जाडजूड नियमांचं पुस्तक उघडायचं. सैनिक आपणच चिकटवायचे, आपणच रंगवायचे, अगदी डोळ्यातल्या बुबुळासकट. दातार डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात क्वालिटीला होते, त्यामुळे हे काम त्यांच्या हातचंच. "लोक रिटायर झाल्यावर योगासनं करतात, आमचे हे राक्षसांची नखं रंगवतात," असं वहिनी येईल त्याला सांगतात.

दातारांचं सैन्य बुटक्यांचं. त्यातल्या प्रत्येकाला कारखान्यातल्या कोणाचं तरी पद दिलेलं आहे. सोनेरी कुऱ्हाड घेतलेला सेनापती म्हणजे वर्क्स मॅनेजर. निशाण धरणारा युनियन लीडर. तोफेचं नाव बॉयलर. तोफ फुसकी निघाली की दातार गंभीर चेहऱ्याने म्हणतात, "मेंटेनन्सला कळवा." फासे ते आमटीच्या स्टीलच्या वाटीत घोळवून टाकतात, आणि टेप वहिनींच्या शिलाई मशीनच्या खणातली.

समोर खेळायला घरात कोणी नाही. म्हणून बुटक्यांची चाल झाली की दातार उठतात, वळसा घालून समोरच्या खुर्चीवर बसतात, दुसरा चष्मा लावतात आणि सापळ्यांच्या बाजूने खेळतात. मी विचारलं, दुसरा चष्मा कशाला? तर म्हणाले, "मी काय ठरवलंय ते त्याला दिसायला नको."

या माणसाचं आयुष्य एका वाक्यावर चालतं. "नियमात बसतं ना? मग झालं." बसत नसेल तर संपलं. भल्या पहाटे मी त्यांना गाडीतून स्टेशनला सोडत होतो. चार रस्त्याला सिग्नल लाल. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मी गाडी दामटणार, एवढ्यात यांनी माझा हात धरला.

"लाल आहे, मोकाशी."

"अहो, कोणी नाहीये."

"आपण आहोत ना."

थांबलो. त्यांची गाडी चुकली, त्याबद्दल माझ्याकडे एका शब्दाने तक्रार नाही.

तर हल्ली या खेळाच्या स्पर्धा भरायला लागल्यात. कधी ठाण्याला, कधी कल्याणला. दातारांकडे गाडी नाही आणि सैन्याचे डबे रिक्षात हिंदकळून सेनापतीचा हात मोडतो, म्हणून माझ्या बायकोने परस्पर माझा रविवार त्यांना देऊन टाकला. रविवारी जेवून आडवं होणं हा माझा एकमेव छंद. तो सोडून मी ठाण्याच्या एका हॉलमध्ये, काळ्या टीशर्टातल्या दाढीवाल्या पोरांच्या गर्दीत, बुटक्यांचा हमाल म्हणून उभा राहिलो. पोरं दातारांना 'काका' म्हणतात आणि टरकून असतात. "टेप तिरकी धरलीयस," दातार म्हणतात, आणि सहा फुटी पोरगा निमूट टेप सरळ करतो.

खेळायला लागले की दातार वेगळेच. पाठीला बाक आलेला हा माणूस टेबलावर असा वाकतो की बघत राहावं. समोरच्याची तिसरी चाल त्यांना आधी दिसते. त्या दिवशीही समोरच्या पोराला पार कोपऱ्यात रेटलेलं. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी मीही पुढे सरकून बघायला लागलेलो. आणि अचानक दातारांनी मान वर केली, लांब खिडकीपाशी कुठेतरी बघितलं, आणि वर्क्स मॅनेजरला बुरुजातून काढून एकट्याला सापळ्यांच्या घोळक्यात नेऊन उभं केलं.

पोरगं दचकलं. "काका, शुअर? परत घ्या हवं तर, मी काही बोलणार नाय."

"नियमात बसतं ना? मग झालं."

दोन चालीत वर्क्स मॅनेजर मेला, चौथ्या चालीत लढाई हरली. दातार शांतपणे सैनिक पुसून डब्यात ठेवत होते. माझं डोकं फिरलं. येताना शिळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा मी बोललोच. "एवढं पेट्रोल जाळून मुद्दाम हरायला यायचं, तर घरीच हरा ना. समोर तुम्हीच असता."

दातार खिडकीबाहेर बघत होते.

पुढच्या स्पर्धेतही तेच. एका फेरीत वाघासारखे खेळले, दुसरीत खिडकीकडे बघून माती खाल्ली. मग मीही त्या बाजूला नीट बघितलं. तिथल्या टेबलावर चष्म्यातला एक पस्तिशीचा माणूस खेळत होता. निखिल. दातारांचा जावई. म्हणजे, पूर्वीचा.

हा खेळ त्या घरात आणला तोच निखिल. केतकीचं लग्न झालं, पहिला दिवाळसण आला. दातारांनी जावयाला अंगठी करून ठेवलेली. निखिल म्हणाला, "बाबा, अंगठी नको. त्यापेक्षा माझ्याशी एक डाव खेळा." पिशवीतून बुटके काढून त्याने डायनिंग टेबलावर मांडले. वहिनींना वाटलं जावई अर्धवट निघाला. दातार मात्र त्या दिवशी फराळाला उठले नाहीत. मग दर रविवारी निखिल हजर. केतकीला कंटाळा आला तर ती यायची नाही, हा एकटा यायचा. जेवताना "निखिलराव, घ्या ना अजून," आणि खेळताना "अरे गाढवा, माप नीट घे." आमच्या भिंतीपलीकडून हसणं ऐकू यायचं. दातारांना हसताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

मग केतकी आणि निखिलचं फिसकटलं. कोणी कोणाला फसवलं नाही, मारहाण नाही, काही नाही. पटलं नाही, एवढंच. केतकी घरी येऊन राहिली. पोरीने खाणंपिणं टाकलेलं. ते बघून वहिनींनी एकदाच सांगितलं, त्याचा विषय या घरात नको आणि तुम्ही आपणहून त्याच्याशी बोलायचं नाही. कुठल्याही आईने हेच सांगितलं असतं. दातारांनी शब्द दिला. पुढे केतकी सावरली, बंगलोरला नोकरीला गेली, पण शब्द तिथेच राहिला.

त्या स्पर्धेनंतर मी चहाच्या टपरीवर दातारांना धरलं. त्यांनी कपात बघत सगळं सांगितलं. पहिल्या फेरीच्या जोड्या चिठ्ठ्यांनी लागतात. पुढे कॉम्प्युटर सारख्या गुणांच्या माणसांच्या जोड्या लावतो. जिंकलेल्यासमोर जिंकलेला, हरलेल्यासमोर हरलेला. "म्हणून मी त्याच्याकडे बघतो. तो हरत असेल तर मी हरतो. गुण सारखे झाले तर कधीतरी जोडी लागेल."

"अहो, चार पावलांवर असतो तो. सरळ जाऊन बोला."

"शब्द दिलाय शुभदाला. आपणहून बोलणार नाही." त्यांनी चहा संपवला. "पण समोर आणून बसवलं तर बोलावंच लागतं ना? हात मिळवायचा, नाव सांगायचं. पुस्तकात लिहिलंय तसं."

मला हसावं की रडावं कळेना. जन्मभर लाल सिग्नलला थांबणारा माणूस, आणि याने स्वतःसाठी एवढीशी पळवाट शोधली होती. तीही नियमात बसणारी. मला फार वाईट वाटलं. त्यानंतर मी माझ्या झोपेबद्दल तक्रार केली नाही.

परवाची स्पर्धा कल्याणला, एका मंगल कार्यालयात. तीन फेऱ्यांची. सामान ठेवायला 'वधूपक्ष' आणि 'वरपक्ष' अशा पाट्यांच्या दोन खोल्या. पहिल्या फेरीत दातार सुरेख खेळत होते. निखिल लांबच्या टेबलावर मागे पडला, ते दातारांनी बघितलं आणि झालं. वर्क्स मॅनेजर निघाला मरायला. मी मात्र या वेळी निखिलच्या टेबलामागे जाऊन उभा होतो. आणि मला दिसलं की तोही मान वर करून आमच्याकडे बघतोय. दातार पुढे आहेत हे त्याने थोड्या वेळापूर्वीच हेरलेलं. आता तो दात-ओठ खाऊन खेळायला लागला आणि हरत आलेली लढाई त्याने खेचून जिंकली. दातार हरले, निखिल जिंकला. पुन्हा चुकामूक.

मी त्याला वरपक्षाच्या खोलीत गाठलं.

"मोकाशीकाका? तुम्ही इथे?"

"मी हमाल. ते सोड. सारखा आमच्या टेबलाकडे काय बघत होतास?"

तो म्हणाला, "बाबा जिंकत होते. म्हटलं, आपणही जिंकलो तर पुढच्या फेरीत..."

"आणि तू मागे पडलास ते बघून ते हरले."

तो घडीच्या खुर्च्यांच्या थप्पीवर मटकन बसला. "दर वेळी असंच होतंय, काका."

"मग येऊन बोलायचं ना, बैला."

"आईंना शब्द दिलाय. मी आपणहून संपर्क ठेवणार नाही." चष्मा काढून पुसायला लागला. "पण मला बाबांना एक सांगायचंय. दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत."

एकाच बाईने दोघांना एकाच शब्दात बांधून ठेवलेलं. मी मात्र कोणाला काही शब्द दिला नव्हता. "ऐक," मी म्हटलं, "आता तू हर. सुरुवातीपासून हर, त्यांना दिसेल असा हर. तुझा एक विजय आहेच, बरोबरी करायला ते जिंकतील."

आयुष्यभर इन्शुरन्सचे क्लेम तपासले, कधी एक खोटा कागद पुढे जाऊ दिला नाही. आणि कल्याणला, भर मंगल कार्यालयात, मॅच फिक्स केली. दातारांना अर्थातच सांगितलं नाही. त्यांनी सैन्य उचलून तडक घर गाठलं असतं.

दुसऱ्या फेरीत निखिल इतका वाईट खेळला की समोरच्याला संशय यायला हवा होता. दातारांनी एकदा तिकडे बघितलं, दोनदा बघितलं, आणि बाह्या सरसावल्या. बॉयलर एकदाही फुसका निघाला नाही. दोघांचा आता एकेक विजय. पण एकेक विजयवाले आणखीही होते, तेव्हा बाकी सगळं कॉम्प्युटरच्या हातात. मी, जो गणपतीतही आरतीला उशिरा येतो, त्याने मनातल्या मनात कल्याणच्या तिसाईदेवीला नारळ बोलला.

भिंतीवर कागद लागला. टेबल चार, दातार आणि निखिल.

दातारांनी कागद वाचला. चष्मा बदलून पुन्हा वाचला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मी काही केलेलं नाही. तुम्ही साक्षीदार आहात."

"हो हो. चला आता."

टेबलाशी दोघं उभे राहिले. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे हात मिळवला. तो सोडायचा कधी हे पुस्तकात लिहिलेलं नसावं.

"कसे आहात, निखिलराव?"

"बरा आहे, बाबा."

सैनिक मांडायला लागले. फासे पडायला लागले, टेप सरकायला लागली, आणि मधेमधे एकेक वाक्य.

"वाळलात."

"डबा लावलाय. तुमचा गुडघा?"

"गुडघा आहे."

"केतकी?"

"मजेत आहे. प्रमोशन झालं." दातारांनी एक सापळा उडवला. "लक्ष कुठाय तुझं? माप नीट घे."

निखिल हसला, आणि हसता हसता थांबला. हातातला सैनिक त्याने खाली ठेवला नाही. "बाबा, माझं लग्न ठरलंय. पुढच्या महिन्यात. तुम्हाला मीच सांगायला हवं होतं."

दातारांची टेप टेकडीपासून नदीपर्यंत ताणलेली होती. ती तशीच राहिली. मला वाटलेलं, एकदा हे समोरासमोर बसले की गंगेत घोडं न्हालं. या माणसाने एका रविवारासाठी किती लढाया घालवल्या होत्या, आणि तो मुलगा आता दुसऱ्या कोणाचा तरी जावई होणार होता.

"मुलगी काय करते?" दातारांनी विचारलं.

"फिजिओथेरपिस्ट आहे. ठाण्याची."

"छान." त्यांनी तेच अंतर परत मोजलं. "छान झालं रे." मग टेप गुंडाळली. "सासरे खेळतात का?"

"नाही, बाबा. त्यांना यातलं काहीच माहीत नाही."

मी चहा आणतो म्हणून उठलो, कारण मला तिथे बसवेना. उठता उठता दातारांचा आवाज कानावर आला, अगदी नेहमीचा, नियम समजावून सांगतानाचा.

"शिकव त्यांना. कंटाळा करू नकोस. या वयात पटकन डोक्यात शिरत नाही, तेच तेच विचारतील, सांगत राहा. आणि रविवारी जात जा त्यांच्याकडे. काही काम नसलं तरी जा. माणूस वाट बघत असतो."