लातूरचं भरवशाचं कॉलेज

उज्वलाने एमबीए करायचं काढलं, तेव्हा लेक तीन वर्षांची होती आणि नवरा दयानंद "कर की" म्हणाला होता. (तो सगळ्यालाच "कर की" म्हणतो, हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं.)

प्रवेशपरीक्षेचे मार्क आले ते ना धड फुशारकीचे, ना धड रडण्याचे. आता अर्ज करायचे कुठे? क्लासच्या सरांनी सांगितलं, दोन कॉलेजं आवाक्याबाहेरची धरा, दोन बरोबरीची आणि एक भरवशाचं, जे नाही म्हणूच शकणार नाही. उज्वलाने हौसेने अहमदाबाद धरलं. लेकीला ताप आला तसं ते सोडून पुण्यावर आली. ताप उतरला, पुन्हा अहमदाबाद. वरची चार नावं अशी थर्मामीटरवर चालायची. खालचं लातूर मात्र पक्कं होतं. माहेर तिथेच, लेकीला आई सांभाळणार. आणि त्या कॉलेजची बाकं दरवर्षी रिकामी राहतात हे इथे अख्ख्या नांदेडला ठाऊक. खरं तर जमलं तर तिथेच जमणार होतं.

चूक एवढीच झाली, की हे सगळं तिने बिलोलीहून आलेल्या सासऱ्यांना समजावून सांगितलं. श्रीमंतरावांनी भावकीतली निम्मी लग्नं जमवलेली. त्यांना ते चटकन समजलं.

"म्हंजे स्थळंच बघायलीस की," ते म्हणाले. "मग घर बघितल्याबिगर कसं?"

धाकट्या मुलाला, आदिनाथला, गाडी काढायला लावून ते परस्पर लातूर गाठून आले, तेही खुशीत. कॉलेजचे मालक वैजनाथराव म्हणजे मोकळा माणूस. जेवूनच जा म्हणाले. बोलता बोलता धर्माबादकडून दूरचं नातंही निघालं.

"मामा, तुम्ही सांगितलं काय त्यांना?" उज्वलाने सासऱ्यांना भीत भीत विचारलं.

"सगळं. स्थळाच्या ठिकाणी झाकून ठेवू न्हाई. सून हुशार हाय, पण लई घोर लावून घेती. लेकरू शिंकलं की हिचं ध्यान उडतं. अन् वर चार जागी बघायलोत, तिथं कुठंच न्हाई जमलं तर तुमच्याकडं द्यायची."

दयानंद म्हणाला, "होईल की."

वरच्या चौघांनी अदबशीर इंग्रजीत नकार कळवला. शेवटी लातूरचा फोन आला, तोही थेट श्रीमंतरावांना. बराच वेळ हसणं-खिदळणं चाललं. उज्वला दाराशी लेकीला कडेवर घेऊन उभी.

तिला वेटिंगवर ठेवलं होतं. (रिकाम्या बाकांच्या त्या कॉलेजात वेटिंगला ती एकटीच.)

"मग एवढं हसत काय होता?"

"खरं बोलणारं घराणं हाय म्हणले. लई आवडलं. त्यांच्या पोरीचा बायोडेटा पाठवायलेत, आपल्या आदिनाथसाठी."

आदिनाथने जन्मात कुठे अर्ज केला नव्हता. लातूरला तो नुसता गाडी चालवायला गेला होता, आणि पहिल्याच फेरीत लागला.

"वैनी, घोर करू नका," तो मोठ्या मनाने म्हणाला. "माझं जमलं की तुमच्यासाठी शब्द टाकतो."

उज्वलाने लेकीला खाली ठेवलं आणि भरवशाच्या कॉलेजची तयारी सुरू केली. दिराचा शर्ट इस्त्रीला घेतला.