नकली बियरचा तपास

योगेंद्रने आपला बियरचा छोटा कारखाना इंदूरच्या एका कंपनीला विकला, तेव्हा एकच अट घातली: बाटलीवर सही आपलीच राहील. कंपनीने आनंदाने मान्य केलं आणि त्याला पगारी ब्रूमास्टर म्हणून ठेवून घेतलं.

जैनाबादच्या कारखान्याच्या शेडमध्ये आधी एकच टाकी होती. योगेंद्र घरच्या शेतातली पिकली केळी घालायचा, एकवीस दिवस थांबायचा आणि जेमतेम तीनशे बाटल्या भरायचा. कंपनीने बारा टाक्या आणल्या. एकवीस दिवसांचे सहा झाले. मग केळी सोलण्यात फार वेळ जातो, हे कोणाच्या तरी लक्षात आलं आणि केळ्यांच्या जागी इसेन्सचे पिवळे ड्रम आले.

केळी सोलणाऱ्या धुरपदाबाईंना लेबलं चिकटवायला बसवलं. त्या एकदा म्हणाल्या, "भाऊ, यात केळ्याचं कायबी नाही राहिलं. लेबलावर नुसता फोटो राहिला."

हे योगेंद्रला झोंबलं. रविवारी कारखाना बंद असताना त्याने हातगाडीभर केळी आणली. धुरपदाबाईंनी सोलली. जुनी टाकी भरली आणि एकवीस दिवसांनी तीनशे बाटल्या गुपचूप कंपनीच्या पेट्यांत घालून बाजारात पाठवल्या.

"आता कळेल लोकांना!" तो म्हणाला आणि नवा शर्ट घालून कौतुकाच्या फोनची वाट पाहू लागला.

फोन चौथ्या दिवशी सुरू झाले. सगळ्या तक्रारी. राजपुऱ्यातल्या एकाने बाटलीतल्या गाळाचा व्हिडिओ टाकला. चांदनी गावच्या दुकानदाराने दोन पेट्या परत पाठवल्या. "गिऱ्हाईक बोलतं, इसमें कुछ स्वाद आ रहा है."

इंदूरहून क्वालिटीच्या हिमानी मॅडम धावत आल्या. "योगेंद्रजी, मार्केटमध्ये आपला नकली माल आलाय. तपास तुम्हीच करा. ओरिजिनलची पहचान तुमच्याहून जास्त कोणाला?"

योगेंद्र आठ दिवस तपास करत होता. रीतसर धुरपदाबाईंचा जबाबही घेतला.

"शेडमध्ये कोणी संशयास्पद दिसलं?"

"दिसलं ना. तुमीच दिसले."

"लिहू?"

"लिहा. मले कुठं वाचता येतं."

तेवढ्यात प्रयोगशाळेचा अहवाल आला. मीटिंगमध्ये हिमानी मॅडमनी आवाज खाली आणून सांगितलं, "सॅम्पलमध्ये केळं निघालंय."

मॅनेजर अनंत यांनी घाबरत विचारलं, "किती?"

"बहोत."

योगेंद्रला राहवेना. तो उभा राहिला. "मॅडम, ती बियर मीच बनवली."

हिमानी मॅडमचे डोळे भरून आले. "देखो, किती लॉयल्टी आहे! कंपनीची बदनामी नको म्हणून स्वतःवर घेऊन राहिले. पण योगेंद्रजी, हे कोणी नाही मानणार. इतकी घटिया चीज तुमच्या हातून होऊच शकत नाही."

दुसऱ्या दिवसापासून फाटकावर रखवालदार बसला. केळीच्या बागांनी वेढलेल्या त्या कारखान्यात केळं आत जाऊ द्यायचं नाही, असा त्याला हुकूम होता. त्याने पहिलाच डबा उघडला तो योगेंद्रचा. आतलं शिकरण जप्त झालं आणि त्याची रीतसर पावती मिळाली.