आकडे बघ!

एका हरणीच्या डोक्यात मी आकडा घातला होता. अंबाड्याचा. आज मी नातींना वेंधळ्या म्हणते, तेव्हा हे त्यांना कुणी सांगू नये.

सत्तर सालाच्या आसपास बोरिवलीला, जंगलाच्या अलीकडे, एका छोट्या दवाखान्यात मी नाईकमामांच्या हाताखाली एक्स-रे काढायला शिकत होते. म्हणजे अंबाडा घालून वेळेवर पोचत होते. मामा मालवणचे. "हलू नको! हललंस की भूत!" हे त्यांचं ब्रीद. हललेल्या फोटोला ते भूत म्हणत. पेशंटला हेच, न्हाव्याला हेच, उतू जाणाऱ्या चहालाही हेच. दुसरं वेड बायकांच्या केसांचं. धातू फोटोत उमटतो म्हणून प्रत्येकीच्या अंबाड्याकडे रोखून बघत, "आकडे काढ!" बायका पदर सावरून बसत.

एका दुपारी जंगलखात्याच्या जीपमधून चितळाची मादी आली. कुंपणावर आपटून बेशुद्ध, कानातून रक्त. सोबत जनावरांचे डॉक्टर.

"कवटी फुटली असेल तर तडफडत ठेवणार नाही," म्हणत त्यांनी सुई भरून ठेवली.

मामांनी तिचे डोळे फडक्याने बांधले. मी वाकून तिचं डोकं सरळ केलं.

"आकडे बघ!" मामा ओरडले.

मी धावत जाऊन मशीनवरचे आकडे बघितले. "बरोबर आहेत, मामा!"

ओली फिल्म उजेडात धरली. कवटीत पांढरीफटक रेघ.

"कुंपणाची तार. आत घुसलीय." डॉक्टरांनी सुई उचलली. हरणीची कूस अजून धपापत होती.

"हलू नका!" मामा गरजले. डॉक्टर खरंच थिजले. मामा वळले ते माझ्या अंबाड्याकडे. तो सुटून मानेवर आला होता.

"आकडे बघ म्हटलेलं ना गो?"

"बघितले की! मशीनवरचे..."

"मशीन अंबाडो घालता काय?"

मामांनी हरणीच्या डोळ्यांवरचं फडकं सोडलं. आकडा फरशीवर टणकन पडला.

दुसरी फिल्म धुऊन येईपर्यंत डॉक्टरांनी सुई खाली ठेवली नाही. मी मनात नारळ बोलले आणि नोकरीवर पाणी सोडलं.

कवटी अखंड होती.

मग मामा तिच्या कानाशी बसून राहिले. जन्मभर जगाला गप्प पडायला सांगणारा माणूस पुटपुटत होता, "हल गो बाय. हल." उन्हं कलताना ती धडपडत उभी राहिली आणि मामांच्या पायावरच मुतली.

आता माझी पाळी, म्हणून मी मान खाली घातली. मामांनी आकडा उचलला, सदऱ्याला पुसला आणि माझ्या हातावर ठेवला.

"घे. आमच्या हिचे घरभर सांडलेले असायचे. पायात रुतले की मी कावायचो. ती गेली, आता शोधून एक गावत नाय."