बिगुल फुंकतंय कोण?

"खासदारांची शिफारस? ती तर माझ्या खिशात आहे!" असं थिआ लिंडक्विस्ट सगळ्या गावाला सांगत सुटली होती. अमेरिकेत सैनिकी अकादमीत जायचं तर आधी आपल्या भागातल्या खासदाराची शिफारस लागते, आणि त्या शिफारशीवर अर्ध्या मिनेसोटा राज्यातली पोरं टपलेली. पण थिआकडे काय नव्हतं? गुण उत्तम, धावण्यात पहिली, व्हॉलीबॉलची कप्तान! वर हुकमाचं पान म्हणजे माजी सैनिकांच्या अंत्यविधीला ती बिगुल वाजवायची. अर्जात तसं ठसठशीत लिहिलंही होतं.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, तिला बिगुल वाजवताच येत नव्हतं! खरे वादक मिळेनासे झाल्यापासून तिथे बिगुलात एक छोटं यंत्र बसवतात. बटण दाबायचं, ओठ टेकवायचे, गाल फुगवायचे. निरोपाची धून आपोआप वाजते, लोक डोळे पुसतात, कोणी चौकशी करत नाही.

माजी सैनिक हॉलिस टर्नक्विस्टच्या अंत्यविधीला दफनभूमीवर असं धुकं उतरलं होतं, की शवपेटी तेवढी दिसत होती आणि माणसं नुसती टोप्यांवरून ओळखायची. सलामी पथकाचा प्रमुख, म्हणजे थिआचा मामा गस, तिच्या कानाशी लागला.

"नीट वाजव हं. समोर कर्नल प्रिचर्ड आहेत. शिफारस समितीच्या अध्यक्षा!"

"मामा, मी फक्त गाल फुगवते!"

"मग नीट फुगव! आणि हॉलिस जन्मभर काय बजावायचा, ठाऊक आहे ना? माझ्या मयताला ते खोटं बिगुल आणलंत तर याद राखा."

"मेलेला माणूस काय करणार?"

मामाने शवपेटीकडे पाहिलं आणि तो दोन पावलं मागे सरकला.

फैरी झडल्या. पथकातल्या म्हाताऱ्या सैनिकांनी सलामी ठोकली. थिआने बटण दाबलं, गाल फुगवले. काही नाही! पुन्हा दाबलं. तरी नाही! तिने हळूच बिगुल झटकलं, तर यंत्रच बाहेर आलं, त्याचं झाकण उघडलं, सेल गवतात पडला आणि यंत्र घरंगळत शवपेटीखालच्या खड्ड्यात!

थिआने डोळे मिटले. आता कसली अकादमी? मामाच्या दुकानात बसून खिळे विकायचे!

आणि खड्ड्यातून धून सुरू झाली.

संथ, स्वच्छ, अगदी जवळून. सेल तर तिच्या बुटाशी पडला होता! तिने घाईघाईने बिगुल ओठांना लावलं. धून संपली, म्हातारे हात खाली घेणार, तोच ती पुन्हा सुरू! धून चालू असताना सलामी सोडायची नाही, असा तिथला रिवाज. पहिला हात खाली घेईल त्याने गावात तोंड दाखवायचं कसं? धून पुन्हा सुरू झाली, मग पुन्हा! हात लटपटू लागले. एकाने डाव्या हाताने उजवं कोपर धरून ठेवलं.

"पोरीचा दम बघ!" कुणीतरी पुटपुटलं.

"दम गेला खड्ड्यात! माझा खांदा निखळला!"

शेवटी हॉलिसची बायको ओपल शवपेटीवर थाप मारून ओरडली, "हॉलिस, पुरे की आता!"

धून अर्ध्यावरच थांबली.

मुलाखतीत कर्नल प्रिचर्डनी धावण्याबद्दल विचारलं नाही, गुणांबद्दल नाही. त्यांनी एकच विचारलं, "त्या दिवशी बिगुल कोण फुंकत होतं?"

अकादमीत खोटं बोलणाऱ्याला घरी पाठवतात, हे थिआला पाठ होतं. खरं बोलावं तर इथूनच घरी!

"मी नव्हते, मॅडम. मला वाजवता येत नाही. आणि ते यंत्रही नव्हतं. सेल बाहेर पडला होता."

"धुकं विरल्यावर मी तो गवतात पाहिला." कर्नलनी अर्जातला 'बिगुलवादक' हा शब्द खोडला. "खरं बोललीस. शिफारस देते, पण एका अटीवर. पुढच्या अंत्यविधीला तू स्वतः वाजवायचं. स्वतःच्या फुप्फुसांनी!"

थिआने मामाच्या कोठारात गाल सुजेपर्यंत सराव केला. सलामी पथकातला म्हातारा मेनार्ड गेला, तेव्हा ती छाती काढून उभी राहिली. पहिले सूर बरे निघाले. पुढचा साफ घसरला.

शवपेटीत कुणीतरी घसा खाकरला.

थिआने निमूटपणे पहिल्यापासून सुरुवात केली, आणि सलामीतल्या म्हाताऱ्यांनी हात खाली न घेता तिला एकेक शिवी हासडली.